चेहऱ्यावर दिसू देऊ नका

"निवांत बघा. मालक परगावी असतात," म्हणत चावीवाल्यांनी दार उघडलं आणि स्वतः मात्र ते उंबऱ्यातच रेंगाळले.

विकाऊ घरांच्या किल्ल्यांची पिशवी सतत खांद्याला, म्हणून ते चावीवाले. सल्ले द्यायची त्यांना भारी हौस. भिंतीची ओल कपाटाआड लपवू नका, जुनं घर विकलं जाईपर्यंत नव्याचा विसार देऊ नका, नळ सोडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. पण सगळ्यांत लाडका सल्ला एकच: घर आवडलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका, मालक डोक्यावर बसतो.

आलेलं जोडपं तरुण होतं. बायको थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिने मागचं दार उघडलं. एवढंसं अंगण, कपडे धुवायचा दगड, पेरूचं झाड. तिचे डोळे लकाकले, पण नवरा खाकरला तशी तिने ओठ घट्ट मिटून घेतले. घरून पढवून आणलेलं दिसत होतं.

याच मागच्या दारात एकदा चावीवाल्यांची बायको उभी होती, गुडघे धड होते तेव्हाची.

"अहो, इथेच म्हातारपण काढू या," ती म्हणाली होती.

"हळू बोल! जरा नावं ठेव, म्हणजे भाव उतरेल."

नवऱ्याच्या धंद्यातलं आपल्याला काय कळतंय, असं समजून तिने मालकीणबाईंसमोर मन लावून नावं ठेवली. "अंधारं आहे हो. आणि स्वयंपाकघर किती लहान!" त्या स्वयंपाकघरात सगळा संसार केलेल्या बाईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी चावीवाले धावतपळत सांगतील तो भाव द्यायला गेले.

"नको हो. तुमच्या मंडळींना आवडलं नाहीये. कशाला उगाच बळजबरी?" मालकीणबाई म्हणाल्या. घर त्यांनी दिलं ते झाडाखाली उभं राहून पेरू मागून खाणाऱ्या एका जोडप्याला, तेही कमी भावात.

नंतर चावीवाल्यांनी बायकोला किती घरं दाखवली! ती प्रत्येक घराला "छान आहे" म्हणायची आणि परत जायचं नाव काढायची नाही. त्यांनीही मग नाद सोडला. पुढे भाव आवाक्याबाहेर गेले.

"आवडलंय ना, पोरी?" चावीवाल्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं. "मग बोल की तोंडाने."

"फार आवडलंय हो, काका!" ती बोलून गेली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. तिने हसत हसत एक पेरू तोडून चावीवाल्यांच्या हातावर ठेवला.

घरी परतताना तिसरा मजला चढता चढता चावीवाल्यांना धाप लागली. बायको खिडकीशी बसली होती. डॉक्टरकडे न्यायचं नसेल तर ती आता खाली उतरतच नव्हती. त्यांनी पेरू तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, नाकाशी नेला.

"तिथला?"

त्यांनी मान हलवली. "गेलं आज. चांगली माणसं आहेत." त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली. चूक माझी होती, एवढं तरी आज म्हणायचं, असं जिन्यात ठरवलं होतं त्यांनी.

तिने पेरू पदराला पुसला.

"अंधारंच होतं ते," ती म्हणाली. "आणि स्वयंपाकघर केवढंसं."

चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू न देता, त्यांनी शिकवलं होतं तसं.