गोळीवरचं दूध

लघवीला जळजळ होत होती म्हणून मांडवगणच्या डॉक्टरांनी मला अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांत पाठ धरली. उजवीकडे, बरगडीच्या खाली, अशी की सोनमला कडेवर घेता येईना. नुकतीच अंगावरची सुटलेली पोर. पायाशी येऊन हात वर करायची, आणि मी नुसती बघत राहायची.

मग घरात जो येईल तो डॉक्टर.

"गोळ्या गरम पडल्या," आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "मी म्हणलं नव्हतं?"

शेजारच्या साखरबाईंनी मान हलवली. "गोळीचं न्हाई ओ. बाळंतपणात पाठीत सुई टोचली ना, ती आत्ता निघती."

"दीड वर्षानं?"

"निघती. माझ्या भावजयीची तर पोरगं शाळंत गेल्यावर निघाली."

सोनमचे पप्पा रांजणगावच्या कंपनीतून आले ते बूट न काढताच म्हणाले, "आमच्या सुपरवायझरलाबी असंच झालंवतं. गोळी बंद केली, दुसऱ्या दिवशी उभा."

"कुठली गोळी?"

"पांढरी."

सासऱ्यांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. ते म्हणाले, "तापल्या सळईचा डाग द्या कमरंला. मेंढरू उठून पळतंय."

"मामा, मी मेंढरू न्हाई!"

सगळे हसले. मला हसताही येईना, कळ निघायची. खरं तर मलाही गोळीचाच संशय होता. उद्यापासून घ्यायचीच नाही, असं मी ठरवलंही. पण दुपारी थंडी वाजून ताप भरला, आणि आत्यांनी मला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं.

डॉक्टरबाईंनी पाठीवर हलकीच मूठ मारली. मी किंचाळले.

"गोळीनं पाठ धरते का हो?" मी विचारलं.

"ह्या गोळीनं क्वचित टाचेची शीर दुखते, सांधे दुखतात. तसं झालं तर थांबवायची आणि लगेच यायचं. पण तुमचं तसं दिसत नाही. थंडीताप आणि एका बाजूची ही कळ म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत. गोळी कशाबरोबर घेत होता?"

आत्या पुढे सरसावल्या. "शेळीच्या दुधासंगं! ताज्या धारंच्या. गरम पडू न्हाई म्हणून. दोन्ही टायमाला मी सोता काढून देती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "दुधाबरोबर ही गोळी अंगात पुरती उतरत नाही, आजी. तेवढ्यानंच बिघडलं असं मी म्हणणार नाही. पण गोळीवर दूध नको."

संताप संताप झाला माझा. आणि ओरडावं तर कुणावर? माझ्यासाठी पहाटे गोठ्यात उकिडवी बसणारी बाई ती. ती आता स्वतःच्या हातांकडे बघत होती.

इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरला, पाठ निम्मी मोकळी झाली. साखरबाई विचारायला आल्या तर आत्यांनी सांगून टाकलं, "दूध बाधलं तिला."

"आत्या, दूध न्हाई बाधलं. ते गोळीला आडवं आलं."

"त्येच की."

तेव्हापासून मला चहासुद्धा कोरा. चहाचं चालतं, फक्त गोळीबरोबर नको, हे सांगून माझं तोंड दुखलं.

आज सोनमनं हात वर केले. मी वाकले. कळ आली, पण बारीक. उचललं.

"ठेव खाली! आक्कल हाय का?" आत्या धावत आल्या. पण पोर माझ्या गळ्याला घट्ट बिलगलेली. मग आत्यांनीच खालून हात लावून तिचं ओझं पेललं, आणि तशाच, मला शिव्या घालत, अंगणभर माझ्याबरोबर फिरल्या.