शेवटचे तीन आकडे

प्रत्येक गोष्ट खोदून खोदून तपासते म्हणून सगळं खातं तिला ‘चिकित्सा’ म्हणायचं. यंत्रं एकमेकांशी जोडणारी नेटवर्क कार्डं तपासायची आणि अहवालावर सही करायची, हे तिचं काम. खात्याचा प्रमुख तिचा सख्खा मामा. न मोजलेला आकडा कागदावर लिहायचा नाही, हे त्यानंच तिला हाताला धरून शिकवलेलं.

नवं कार्ड वीजकेंद्रासाठी होतं. वीजवाहक तारेच्या दोन टोकांची घड्याळं जुळली नाहीत तर तारेतला बिघाड वेळेत पकडता येत नाही. ती तंतोतंत जुळवायची, तर निरोप पोर्टातून निघतो त्याच क्षणी कार्डानं त्यावर वेळेचा शिक्का मारायला हवा, तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत. प्रोसेसरनं मागाहून सवडीनं मारलेला शिक्का काय कामाचा? पण इथं प्रत्येक शिक्क्याचे शेवटचे तीन आकडे शून्यच यायचे, म्हणजे शिक्का प्रोसेसरच मागाहून मारत होता. तिनं गेल्याच आठवड्यात तक्रार केली होती.

सोमवारी सुधारलेला प्रोग्रॅम आला. शून्यं गायब. तिला हायसं वाटलं. तरी सवयीनं तिनं विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला, लाइनवरची वर्दळ वाढवली आणि पाहिलं, तर शिक्के पूर्वीइतकेच उशिरा पडत होते. तिनं प्रोग्रॅम उघडला. दोनच ओळी वाढल्या होत्या: शेवटच्या तीन जागी वाट्टेल ते आकडे भरायचे. शेजारी मामाची आद्याक्षरं. खाता खाता घासात झुरळ लागावं तशी तिला शिसारी आली.

मामा खुर्चीत रेलून नखं कापत होता. तुकडे तिच्याच जुन्या अहवालावर पडत होते.

“हे तू लिहिलंस?”

“चिपमधला शिक्क्याचा भागच नासका निघालाय. नवी चिप यायला सहा महिने लागतील. तोवर काय करू?”

“खरं सांग वीजकेंद्राला.”

“त्यांना शून्यं नको होती. आता नाहीयेत.” त्यानं अंगठ्यावर फुंकर मारली. “सही कर आणि मोकळी हो, बाळ.”

सही न करता ती जागेवर आली. मोजलेले सगळे आकडे आणि त्या दोन ओळी तिनं थेट वीजकेंद्राच्या अभियंत्याला पाठवल्या.

संध्याकाळी आईचा फोन. “ज्यानं तुला नोकरीला लावलं त्याच्याच तोंडाला काळं फासलंस?”

“त्यानं स्वतःच फासून घेतलंय, आई.”

दोन दिवसांनी अभियंत्याचं उत्तर आलं. आमच्या तपासणीत शेवटचे आकडे शून्य नसावेत एवढीच अट आहे. कृपया अहवाल नेहमीच्या नमुन्यात पाठवावा.

तिनं ते तीनदा वाचलं. मामाची घाण तिला कळली होती. पण हा माणूस त्याच तारांशेजारी रोज काम करणारा, आणि त्यालाही काही पडलेलं नव्हतं.

अहवालावर शेवटी मामानंच सही केली. गुरुवारी माल गेला. तिनं राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तो वर न बघता म्हणाला, “तारीख घालायची राहिलीय.”

तिनं तारीख घातली, नळाखाली हात चोळचोळून धुतले आणि बाहेर पडली.