टक म्हणजे मंजूर

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी असते तर बरं झालं असतं, निदान चार फळ्या तरी जोडल्या असत्या. मी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या सभेतली हातोडी. अध्यक्ष विचारतो, "सभेला मंजूर?" लोक "हो" पुटपुटतात, मी टेबलावर आपटते, टक! झाला ठराव. मग कुणी कितीही बोंबललं तरी उपयोग नाही.

क्लबच्या जुन्या गोलकीपरने मला बर्चच्या लाकडातून घडवलं, हौसेने तेल पाजलं. पण जन्म गेला अध्यक्ष स्तूरेच्या हातात. शी! दालचिनीचा बन खाऊन हा गृहस्थ बोटंसुद्धा पुसत नाही. सभा संपली की मला खणात फेकतो, कॉफीच्या खरकट्या चमच्यांत.

त्याहून किळस येते ती समोरच्यांची. आमच्या स्वीडनची माणसं! घरी बायकोपाशी तावातावाने बोलतील, सभेत मात्र मूग गिळून बसतील. वाईटपणा कोण घेणार? स्तूरेला हे पक्कं ठाऊक. "मंजूर?" आणि "टक" यांच्यामध्ये तो कुणाला श्वास घेऊ देत नाही.

उलरिका तेवढी वेगळी. बचावफळीत खेळायची, थेट देशाच्या संघापर्यंत गेली. आता मुलींच्या संघाची प्रशिक्षक आहे.

परवा वार्षिक सभेत स्तूरेने ठराव मांडला. हिरवळीचं मैदान यापुढे फक्त पुरुषांना, मुलींनी मुरमाच्या मैदानावर खेळावं.

"आताही अर्धे दिवस मुरमावर खेळून पोरींचे गुडघे सोलवटतात, स्तूरे," उलरिका म्हणाली. "निम्म्या सोडून गेल्यात. हिरवळ गेली तर संघच बंद पडेल."

"अगं, तू नाही का मुरमावरच खेळून मोठी झालीस? केलीस कधी कुरकुर?"

"केली होती की. तुझ्याकडेच!"

कुणीतरी खुदकन हसलं. बाकीचे कॉफीच्या कपात डोकावत राहिले. त्यात त्या पोरींचे बापही होते! थू!

"सभेला मंजूर?" दोन-चार मिळमिळीत "हो" आले आणि मी खाली निघाले. तेवढ्यात माझ्याखाली उलरिकाचा हात आला.

टक झालंच नाही. मी तिच्या बोटांवर आदळले.

"वेड लागलं का तुला?" स्तूरे पांढराफटक पडला.

"हातोडी टेबलाला लागली नाही," कळ गिळत ती म्हणाली. "म्हणजे ठराव झाला नाही. आता हात वर करून मतदान घे. कोण कुठल्या बाजूला आहे, माझ्या पोरींना दिसू दे."

हात वर करायची वेळ आल्यावर स्तूरेच्या बाजूला तो एकटाच उरला. हिरवळ पोरींना राहिली. आणि मग ते बाप टाळ्या पिटू लागले, जणू किल्ला त्यांनीच राखला! असली निर्लज्ज माणसं मी पाहिली नाहीत.

उलरिकाची बोटं अजून पट्टीत आहेत. तुम्हाला एवढंच सांगते, बाबांनो, "नाही" म्हणायचं असेल तर मी हवेत असतानाच म्हणा. तुमच्या तोंडातून एक शब्द फुटावा म्हणून मी आणखी कुणाची बोटं फोडायची?