मला घासायला कोणी सांगितले होते?

मी एक जुने चांदीचे नाणे आहे आणि मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. माझे डोके फिरले आहे.

टांकसाळीत दोन पोलादी ठशांच्या एकाच दणक्यात माझा जन्म झाला. एका अंगाला शिडाचे जहाज, दुसऱ्या अंगाला गव्हाची ओंबी. तिचे कुसळ न् कुसळ मोजून घ्यावे! माझी भावंडे बाजारात फिरून गुळगुळीत झाली. मला मात्र एका शिंपिणीने चिंधीत गुंडाळून डबीत ठेवले. शंभर वर्षे मी तिथेच होते. हळूहळू अंगावर काळसर थर चढला, कडेला निळा, मध्ये मधाच्या रंगाचा. तो मळ नव्हता हो! देवाने सावकाश, मायेने घातलेले पांघरूण होते ते.

पुढे डबी शिंपिणीच्या नातवाकडे आली. हे निवृत्त पोस्टमन. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांचे कान पार गेले. नात गायला बसली की ते नुसते तिच्या ओठांकडे बघत राहत. सुनेला ते बघवेना. कानाचे यंत्र घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ती मला नाणी पारखणाऱ्याकडे घेऊन गेली.

भला माणूस! त्याने मला फक्त कडेने धरले, दिव्याखाली कलते केले, भिंग लावले.

"ताई, घरात कोणी पुसलं-बिसलं नाही ना याला?"

"पुसायला वेळ कोणाला आहे हो आमच्याकडे! भांडीच पडलेली असतात."

"पडू देत! हे शीड बघा. सगळ्यांत उंच भाग, झिजतं ते इथेच आधी. इथे झीज नाहीच. आणि कलतं केलं की झळाळी कशी गोल फिरते! पहिल्या प्रतीचं नाणं आहे. बुधवारी गिऱ्हाईक बोलावतो. यंत्र आलंच समजा."

मंगळवारी दुपारी तात्यांनी डबी उघडली. उद्या चारचौघांत जायचे, ते काय असे काळे तोंड घेऊन? त्यांनी दात घासायचा ब्रश घेतला, वर पेस्ट घेतली आणि मोरीत बसून मला अर्धा तास खसाखसा घासले! वर कौतुक, "कसं नवरीसारखं उजळलंय!" मी आकांत करत होते. ओंबीवर चरेच चरे उठले. शंभर वर्षांची कमाई फेस होऊन वाहून गेली. अहो तात्या, जन्मभर पत्रे वाटलीत, दुसऱ्याचे पाकीट कधी उघडले नाहीत. मग माझेच पांघरूण का ओरबाडलेत?

बुधवारी तात्याही इस्त्रीचा सदरा घालून सोबत आले. सुनेने तिथेच डबी उघडली आणि तिचा चेहरा उतरला. पारखणाऱ्याने मला एकदाच दिव्याखाली फिरवले.

"घासलंय, ताई. झळाळी गेली. अशी चकाकी चमच्यालाही असते. आता चांदीच्या वजनावरच जाईल."

गिऱ्हाईक उठून गेले. संताप कशाचा, तर पारखणारा खरे बोलत होता!

तात्यांनी हसत विचारले, "काय म्हणाले गं?"

सुनेने पदराने डोळे टिपले, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि ओरडली, "म्हणाले, इतकं चकचकीत नाणं कधी पाहिलं नाही!"

"बघ! मग विकलं का नाहीस?"

"मलाच नको वाटलं! घरात असू दे!"

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल तर आधी जाणत्याला विचारा, मग हात लावा. नुसत्या मायेने माझे वाटोळे केले. रागवायचे तरी कोणावर, हेच मला कळेनासे झाले आहे.

आज नात गायला बसली. तात्या मला मुठीत धरून तिच्या ओठांकडे बघत मान डोलावत होते. ठेका चुकत होता. कोणीच त्यांना थांबवले नाही.