बाबांची कॉम्प्युटरची वही

बाबा वारल्यावर नोएडातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आता फक्त कॉम्प्युटर उरला होता. बाबांचा पलंग, कपाट, भांडी गेल्या रविवारीच गेली. पहाडगंजच्या मराठी शाळेतले विश्वास सर चार वाजता येऊन कॉम्प्युटर मुलांसाठी नेणार होते. वृंदाने तो आधीच साफ करून ठेवला होता. गुडगावच्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी. असल्या कामाला तिला दहा मिनिटंही लागत नसत. डॉक्युमेंट्स रिकामंच होतं. रिसायकल बिन भरलेला होता, तो तिने न बघता रिकामा केला.

विश्वास सर धापा टाकत आले. "लिफ्ट अजून बंदच? काका म्हणायचे, बिल्डरने लिफ्ट ब्रोशरमध्येच बसवलीय." हसता हसता ते थांबले. मग म्हणाले, "पत्रं काढून घेतलीत ना, वृंदाताई?"

"कसली पत्रं?"

"काका रोज दुपारी तुम्हाला एक टाइप करायचे. प्रिंटर नव्हता ना. वृंदा येईल तेव्हा इथेच बसून वाचेल, म्हणायचे."

वृंदाने कॉम्प्युटर पुन्हा लावला. एकेक फोल्डर उघडला. तारखेने शोधलं, नावाने शोधलं. काही नाही.

"सेव्ह करायचं राहिलं असेल."

"काकांचं? अहो, तेहतीस वर्षं सरकारी फाइली सांभाळलेला माणूस! त्यांची वही बघा, त्यात सगळं लिहिलेलं असायचं."

वही कीबोर्डच्या खालीच होती. दोनशे पानी, समास आखलेली.

"रॅम: स्वयंपाकाचा ओटा. चालू कामापुरतं इथे मांडावं. लाइट गेली की ओटा साफ.

हार्ड डिस्क: फडताळ. लाइट गेली तरी ठेवलेलं राहतं.

सेव्ह: ओट्यावरचं उचलून फडताळात ठेवणे. दर पाच मिनिटांनी. इंदुमती असती तर सांगावं लागलं नसतं."

आईचं नाव वाचून वृंदा थोडी थांबली. मग पान उलटलं.

"टोपली: पडद्यावर डावीकडे. काम निकाली निघालं की फाइल इथे टाकावी. ऑफिसात टेबलाच्या कडेला असे, तशीच. तिथली फाइल शिपाई रेकॉर्ड रूममध्ये नेई. इथे कोणी नेत नाही. वृंदा येईपर्यंत सुरक्षित."

ऑफिसातली ती टोपली तिने पाहिली होती. सुटीत बाबांबरोबर ऑफिसात गेली की ते सही करून फाइल तिच्या हातात देत आणि म्हणत, "टाक. झालं हे काम." ती टाचा उंचावून टाकायची.

"ही टोपली म्हणजे रिसायकल बिन. मी रिकामी केली," वृंदा म्हणाली. "रविवारी."

सर कॉम्प्युटरकडे वळले. "पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअर असतात म्हणे..."

"असतात. कधी निम्मं मिळतं, कधी काहीच नाही." तिने मशीन बंद केलं. "यावर आता नवीन काही लिहिलं जाता कामा नये, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. स्क्रू ड्रायव्हर आहे तुमच्याकडे?"

तिने हार्ड डिस्क काढून रुमालात गुंडाळली. "बाकीचं न्या. शाळेला नवी डिस्क मी आणून देते."

सर दोन फेऱ्यांमध्ये सगळं खाली घेऊन गेले. वृंदा फरशीवर बसली, डिस्क मांडीवर. वहीच्या शेवटच्या पानांवर नुसतेच शब्द होते, अर्थाऐवजी एकच ओळ आणि खाली जागा कोरी. व्हायरस: वृंदाला विचारणे. मोडेम: वृंदाला विचारणे. बॅकअप: वृंदाला विचारणे. त्यापुढे बाबांनी लिहिलं होतं: फोन केला, मीटिंगमध्ये होती. पुन्हा केला, नंतर सांगते म्हणाली.

तिने पर्समधून पेन काढलं. कोऱ्या जागेत, समास सोडून, लिहिलं:

"बॅकअप: ज्याची एकच प्रत आहे, त्याची दुसरी प्रत करून वेगळ्या घरी ठेवणे. वेळेवर."

मग बाबा करत तशी खाली सही केली आणि तारीख घातली.