मामाचा मान

शिवकन्येचा बारावीचा निकाल लागला आणि तिच्या मामाच्या अंगात डॉक्टरकी संचारली. संगमेश्वरचं अंबाजोगाईला औषधाचं दुकान होतं, वय तिशीकडं झुकलं होतं, आणि थोरल्या बहिणीची पोर आपलीच बायको होणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. भाचीवर पहिला मान मामाचा, त्यानं सोडली तरच ती दुसरीकडं द्यायची, ही त्यांच्या लिंगायत घरातली जुनी रीत. त्यात भाचीला मेडिकल मिळण्याइतके मार्क पडलेले! रोज एसटीडीवरून फोन करून हा बहिणीला सल्ले देई. कहर म्हणजे त्यानं दुकानासाठी पाटीही रंगवून घेतली: 'डॉ. सौ. शिवकन्या संगमेश्वर'. प्रवेशाचा पत्ता नाही, लग्नाचा नाही, आणि म्हणे सौ.!

प्रवेशाची मुलाखत औरंगाबादला होती. नाव पुकारलं की उभं राहून कॉलेज सांगायचं, एवढंच. शिवकन्येला औरंगाबादही मिळणार होतं आणि अंबाजोगाईही. पण अंबाजोगाई म्हणजे मामाच्या घरी राहणं, आणि मामाच्या घरी राहणं म्हणजे वर्षाच्या आत मांडव. म्हणून महिनाभर ती मनातल्या मनात 'औरंगाबाद' घोकत होती. बोलायची मात्र छाती होत नव्हती.

मुलाखतीचा आदला दिवस, श्रावणातला सोमवार होता. शिवकन्येच्या नेकनूरच्या घरी त्यांचे गुरू, जंगम विश्वेश्वरस्वामी, पाद्यपूजेला आले होते, आळीतली माणसंही जमली होती. पूजा झाली, पानं वाढली, आणि संगमेश्वरनं सगळ्यांदेखत विषय काढला.

"स्वामीजी, हिला अंबाजोगाई घ्यायला सांगा. मी हाय, घर हाय. होस्टेलात कशाला मरायचं?"

"त्यात सांगायचं काय?" शिवकन्येची आई शिवम्मा भावाच्या पानात तूप ओतत म्हणाली. "तिथंच घेणार हाय ती."

"मी औरंगाबाद घेणार हाय," शिवकन्या म्हणाली.

तिचे वडील गुरुपाद दिवसभर दुकानात कापड मोजणारे, घरात तोंड न उघडणारे. ते पानातल्या पोळीकडं बघत राहिले. शिवम्माचा हात मात्र तुपासकट थांबला.

"लई शहाणी झालीस का?" संगमेश्वर म्हणाला. "कुठंबी शिक. शेवटी माझ्याच दुकानात बसायचं हाय तुला."

"तुमच्या दुकानात बसाया मी डॉक्टर होत न्हाई, मामा."

"एवढा माज? चार मार्कं पडली तर?"

"माज कशाचा? मी बारावीला एकदाच बसले, एवढंच."

संगमेश्वर बारावीला तीनदा बसून तिन्ही वेळा आपटला होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. आता पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्या हसण्यानं घात केला. संगमेश्वर भरल्या पानावरून ताडकन उठला.

"मला नगं ही! स्वामीजींच्या म्होरं सांगतो. कुठंबी द्या हिला. लग्नात मामा म्हणून हिच्या पाठीशी हुभा राहीन, नवरा म्हणून न्हाई!"

शिवम्मा किंचाळलीच. स्वामींनी शांतपणे विचारलं, "संगमेश्वर, रागानं बोललास का मनानं? गुरूपुढं दिलेला शब्द माघारी येत न्हाई."

मागं फिरायला तो क्षण पुरेसा होता. पण सगळी पंगत टकमक बघत होती, आणि मघाचं हसू अजून त्याच्या कानात होतं.

"मनानं," तो म्हणाला, आणि प्रसाद टाकून निघून गेला.

शिवकन्येला आनंद लपवता येईना. खरं सांगायचं तर परक्या शहराची तिलाही धास्ती होती. आता मामाचं भय गेलं, मग एवढ्या लांब जायचं कशाला? ती धावतच स्वयंपाकघरात गेली.

"आई, आता मला अंबाजोगाई बी चालंल. होस्टेलात ऱ्हाईन, दर शनिवारी तुझ्याकडं येत जाईन."

शिवम्मा भावाचं उष्टं पान पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"अंबाजोगाईचं नाव काढू नगंस. त्याच्या दुकानावरनं रोज मिरवत जाशील अन् बाजार हसंल त्याला. औरंगाबादच घे. अन् दिवाळीला बी येऊ नगंस. मला एकच भाऊ व्हता."

"अन् लेक?"

शिवम्मा पान उचलून परसात गेली.

दुसऱ्या दिवशी वडील तिला एसटीनं औरंगाबादला घेऊन गेले. नाव पुकारल्यावर शिवकन्या टेबलापुढं उभी राहिली. अंबाजोगाईच्या जागा अजून शिल्लक होत्या. तिनं मागं वळून वडिलांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"औरंगाबाद," ती पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," टेबलामागचे साहेब खेकसले. "मोठ्यानं सांगा."

महिनाभर जपलेला शब्द आता तिचा राहिला नव्हता, तो आईचा झाला होता. भरल्या हॉलमध्ये तिला तो पुन्हा, मोठ्यानं, म्हणावा लागला.