घरातून आलेलं नाव

हरणाबाईने वाटीतलं कोमट तेल बोटांवर घेतलं आणि नवऱ्याचा, आप्पासोचा, डावा पाय आपल्या मांडीवर ओढला. तळवा मधोमध आत गेलेला, बोटं वाकून एकमेकांवर चढलेली. पन्नास वर्षांत तिने एकही सकाळ चुकवली नव्हती. डोळे मिटले तरी कुठलं हाड कुठे बसलंय ते तिला सांगता आलं असतं.

"आजी, जरा थांबता का? चोळल्याचा आवाज टेपवर येतोय," उत्कर्षा म्हणाली.

हरणाबाई थांबली. पाय मात्र तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.

उत्कर्षा सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायची. लढाया, हेर आणि जिवावर उदार झालेल्या बायका हा तिचा हातखंडा विषय. आजवर तिने राजवाड्यांतल्या बायका रंगवल्या होत्या, आता तिला हाडामांसाची बाई हवी होती. ती तिला सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, दहा-बारा घरांच्या या धनगरवाडीत सापडली होती. वडापच्या जीपमध्ये अंग खिळखिळं करून घेत ती तिसऱ्यांदा इथवर आली होती. तिची जिद्द वाखाणण्यासारखीच होती, आणि समोरच्याला ती किती महागात पडेल याची तिला कल्पना नव्हती.

गेल्या साली बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तालुक्याला मोठा सोहळा झाला होता. या भागातल्या भूमिगतांचे पुढारी लालासाहेब तेव्हा हयात होते. त्यांनी भर मंचावर हरणाबाईला बोलावून घेतलं आणि पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माइकवर सांगितली. डाकबंगल्यावर हत्यारी पोलिसांचा तळ होता. ही एकोणीस वर्षांची पोर तिथे शेळीचं दूध घालायला जायची, आचाऱ्याने थापलेल्या भाकरी मोजायची आणि पोलीस किती आहेत ते ताडायची. येताना माळावर टकळी घेऊन बसायची आणि लोकरीच्या सुतात गाठी मारायची, पाच पोलिसांना एक गाठ. छाप्याची तयारी दिसली तर काळ्या सुतात पांढरा दोरा घालायची. ती लड बांधाच्या बाभळीला अडकवली, की पुढचं भूमिगतांचा माणूस बघायचा. तीन छापे असे फुकट गेले. "ही आमचे डोळे होती," लालासाहेब म्हणाले, आणि मांडव टाळ्यांनी दणाणला.

मांडवात सगळ्यात मागे, काठी आडवी टाकून बसलेला आप्पासो त्या दिवशी लहान पोरासारखा रडला. बायको असलं काही करत होती, याचा त्याला कधी पत्ताच नव्हता. आणि त्याची स्वतःची ओळख काय, तर खबऱ्या. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याच भूमिगतांनी त्याला पोलिसांचा खबऱ्या म्हणून घरातून उचललं, चावडीपुढे पालथा पाडला आणि तळव्यांवर काठ्या घातल्या. मेंढरांमागे चालणं तिथेच संपलं. वाडीतली पोरंसोरंही पुढे त्याला त्याच नावाने ओळखू लागली. सोहळ्यानंतर मात्र तो एका दुपारीत हरणाबाईचा नवरा झाला. कुणी आलं की फेटा बांधून बसायचा, आणि बायकोची गोष्ट तिच्यापेक्षा रंगवून सांगायचा.

"आजोबा, तुमच्यासाठी एक बातमी आणलीय," उत्कर्षा म्हणाली. "लालासाहेब वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. तुम्हाला का मारलं, असं मी सरळ विचारलं. म्हणाले, तो निर्दोष होता. आम्हाला माहीत होतं. फौजदाराला हरणाबाईचा संशय आला होता. तिच्या घरातला माणूस आम्हीच झोडपला, तर ते घर आपल्या बाजूचं आहे असं फौजदाराला वाटेल, म्हणून मारला."

आप्पासोच्या हातातली तंबाखूची डबी तशीच राहिली.

"निर्दोष म्हनालं?"

"हो."

"लालासाहेब? सवताच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडाने. आणि ते मी छापणार आहे."

म्हाताऱ्याने हरणाबाईकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता, की तिला तिकडे बघवेना.

"पण एक राहिलं," उत्कर्षा पुढे सरकली. "ते म्हणाले, आप्पासोचं नाव घरातूनच आलं. कुणी दिलं म्हटलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सगळं रहस्य तिथं अडलंय."

"त्यात आडायचं काय?" आप्पासो ताडकन म्हणाला. "गुंडा. माझा धाकटा भाऊ. आठ दिस आधी मेंढरांच्या वाटणीवरनं भांडान झालं हुतं आमचं."

"तो तुमचा राग झाला, आजोबा. मला खात्री हवी. आजी, तुम्हाला माहीत असणार."

हरणाबाईने वाटी उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"तुमी डाकबंगला बघून या आदी," ती म्हणाली. "तंवर भाकरी टाकते. मग सांगते."

उत्कर्षा कॅमेरा घेऊन माळाकडे निघाली. मुलगा-सून मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेली, घरात दोघंच. हरणाबाई चुलीकडे गेलीच नाही. वाडीतलं बोलणं वाडीत विरून जातं, पण छापलेलं राहतं, एवढं तिला समजत होतं. गुंडाने बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती, की मी दादाचं नाव घेतलेलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याची बायको धोंडुबाई बाळंत झाली आणि पोर पाचव्या दिवशी गेलं. खोट्या शपथेचं फळ, असं वाडीने ठरवून टाकलं. गुंडा दर दसऱ्याला सोनं घेऊन या दाराशी उभा राहायचा आणि आप्पासो थुंकून आत जायचा. चार वर्षांपूर्वी गुंडा मेला, तेव्हा भावाला खांदा द्यायचा सोडून आप्पासोने दार लावून घेतलं होतं. हे सगळं हरणाबाईने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडाला कुलूप घातलं. डाकबंगल्यात फौजदारासमोर न डगमगलेली बाई घरात मात्र भित्री निघाली होती, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती पुन्हा त्याच्या पायाशी येऊन बसली आणि पाय मांडीवर घेतला.

"भावजींनी न्हाई दिलं नाव. म्या दिलं."

"कुनाचं?"

"तुमचं. लालासाहेब मेंढवाड्यावर आलं हुतं. म्हनालं, नवरा का दीर, कोन त्ये तू सांग. म्या तुमास्नी दिलं."

आप्पासोने तंबाखूची डबी खाली ठेवली.

"धोंडूला सातवा हुता. दुसरीच्या कुकवाला म्या कसा हात लावू? तुमी माझं हुता. वाटलं, माझं हाय त्ये द्यावं. चार काठ्या मारतील, सोडतील म्हनालं हुतं."

हे उत्तर तिने पन्नास वर्षं मनात घोळवलं होतं आणि दर वेळी तिला ते खरं वाटलं होतं. आज मोठ्याने बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली. त्याने काठी उचलावी, डोक्यात घालावी, असं तिला मनापासून वाटत होतं. ती मान खाली घालून वाट बघत राहिली.

त्याने पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गुंडाला ठावं हुतं?"

"न्हाई."

"मग त्यानं भंडारा उचलला, त्यो?"

"खरा उचलला."

"आन् त्याचं पोर गेलं."

हरणाबाईने तेलाची वाटी दूर सरकवली.

"पोर गेलं तवा म्या बिरोबाला बकरं दिलं," आप्पासो म्हणाला. "देवानं न्याव केला म्हून. गुंडाच्या दारावरनं वाजत न्हेलं. तूच रांधलंस त्ये."

"व्हय."

त्याने पाय तिच्या मांडीवरून काढून घेतला. धोतराच्या सोग्याने तेल पुसलं, अगदी बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. मध्येच त्याच्या घशातून एक आवाज आला, जनावराला काटा टोचल्यावर येतो तसा, आणि थांबला. हरणाबाईने हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. रागाने नव्हे. माशी सारावी तसा.

"फेटा दे," तो म्हणाला.

उत्कर्षा परतली तेव्हा तो भिंतीला टेकून, फेटा बांधून ताठ बसलेला होता. तिने घाम पुसला, नवी कॅसेट घातली आणि टेपचं बटण दाबलं.

"हं, आजी. सांगा."

"तिला काय इचारता?" आप्पासो म्हणाला. "मला इचारा. नाव गुंडानंच दिलं."

हरणाबाईने वर पाहिलं.

"मघाशी तुमी म्हनला, हा राग हाय. न्हवं. मराय टेकला तवा बलवलं त्यानं मला. पाय धरलं. म्हनला, दादा, माझ्या हातनं झालं. लालासाहेबास्नी म्याच तुझं नाव घातलं, मेंढरांपायी. म्या म्हनलं, जा, माफ केलं. ह्यो हात फिरवला त्याच्या डोसक्यावनं."

त्याने हात उचलून दाखवला. उत्कर्षाचे डोळे भरून आले. असं शेवटचं प्रकरण लिहिणाऱ्याला जन्मात एखादंच मिळतं.

"आजी, हे असंच घडलं ना?"

हरणाबाई नवऱ्याकडे बघत होती. तो तिला धमकावत नव्हता. तो विनवत होता. गुंडा निर्दोष ठरला, तर वाजत नेलेलं बकरं, लावून घेतलेलं दार, चुकलेला खांदा, हे सगळं घेऊन उरलेले दिवस त्याला या भिंतीशी बसायचं होतं, आणि ते त्याच्याने होणार नव्हतं. पाय तिने नेले होतेच. आता तो फक्त एक शब्द मागत होता. तिने मान डोलावली.

"मान हलवलेली टेपवर येत नाही, आजी. तोंडाने बोला."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "भावजींनीच."

उत्कर्षाने वहीत गुंडाचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात मागच्या परसाकडून पावलं वाजली. एका हातात ताकाची कासंडी, दुसऱ्या हातात पेले, असं घेऊन धोंडुबाई आली. पुरुषांचं बोलणं तुटलं तरी दोघी जावांचं परसातलं जाणंयेणं तुटलेलं नव्हतं. आप्पासो घरात असताना मात्र ती उंबऱ्याच्या आत येत नसे. आजही ती बाहेरच थांबली.

"सांगलीच्या बाई आल्यात म्हनं. ऊन लय हाय, ताक घ्या."

"या कोण?" उत्कर्षाने विचारलं.

"भावजींची मंडळी," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

उत्कर्षाने वही मिटून मांडीवर घेतली. धोंडुबाई पेला तिच्यापुढे करत हसली. तोंडात दोनच दात उरलेले.

"आमचं मालक आसतं तर लय काय सांगितलं आसतं तुमास्नी. जावबाईच्या दुधाची घागर तेच न्ह्यायचं बंगल्याजवळच्या वढ्यापातूर." ती जरा घुटमळली. "त्यांचं बी नाव यील का हो बुकात?"

उत्कर्षा वहीकडे बघत राहिली.

"येनार," आप्पासो म्हणाला.

धोंडुबाई दचकली. पन्नास वर्षांत थोरला दीर तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता. तिने घाईघाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कासंडी छातीशी धरली आणि उंबरा ओलांडून आत आली. तिचे डोळे वाहत होते. दुसरा पेला तिने काठोकाठ भरला, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या, भावजी," ती म्हणाली.

आप्पासोने पेला उचलला आणि सगळं ताक पिऊन टाकलं.